बाभळीला लागलेली माशी

फ्लाय फिशिंग शिकणाऱ्याची पहिली माशी माशाला लागत नाही, बाभळीला लागते. नागपुरात तर हमखास. इथल्या तलावाच्या पाळीवर बाभूळ नसली तर सुबाभूळ असते, आणि तीही नसली तर बेशरम असतेच. नावाला जागून ती थेट पाण्यात पाय सोडून उभी असते.

साध्या गळाला हा ताप नाही. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), शिशाची गोळी आणि टोकाला गांडूळ, बस. वजन टोकाशी असतं, ते झुलवून सोडलं की तंगूस मुकाट त्याच्यामागे जातो. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते ती दोरा आणि पिसं गुंडाळलेली आकडी, म्हणजेच खोटी माशी. तिला वजनच नाही, त्यामुळे ती फेकताही येत नाही. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, ४ नंबरचे पावणेआठ. फेकायची ती ही जाड, रंगीत दोरी. माशी तिच्यामागून आयती जाते. पण दोरी पुढे फेकायची तर आधी ती पाठीमागे ताठ सरळ झालेली हवी. म्हणजे या खेळाचा अर्धा भाग पाठीमागे चालतो. नजर सगळ्यांची पाण्यावर, आणि बिघडतं ते मागे.

पाळीवर फिरायला आलेले एखादे काका थांबून विचारतात, "भाऊ, हे हवेत काय मारून राहिले?" प्रश्न रास्त आहे. घड्याळाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर उत्तर देता येतं. काठी डोक्यावर उभी म्हणजे बारा, पुढे दहा, मागे एक. एवढ्याच अंतरात काठी फिरते. सुरुवात सावकाश, मग वेग वाढवत न्यायचा आणि एकदम थांबायचं. दोरीला वळसा पडतो तो या थांबण्यामुळे. जोर लावल्याने नव्हे. नवशिक्याचं मनगट मागे मोडतं, काठी एकवर न थांबता तीनवर जाते आणि दोरी गवतात लोळते. दुसरी चूक घाईची. दोरी मागे उलगडायच्या आत हात पुढे आला की चाबकासारखा फटका ऐकू येतो. तो आवाज झाला की माशी गेलीच समजावं. काही सज्जन त्यानंतरही अर्धा तास नुसता तंगूस पाण्यावर नाचवत राहतात.

उपाय साधा आहे, फक्त तो करायला माणसाला संकोच वाटतो: मान वळवून मागे बघायचं. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा पाय मागे टाकून थोडं तिरपं उभं राहावं, म्हणजे मान अवघडत नाही आणि मागची दोरी सरळ झालेली दिसते. सरावाला तलाव लागतच नाही. रेशीमबागेसारखं गवताळ मैदान पुरे. आकडीऐवजी लोकरीचा बोटभर तुकडा बांधायचा. डांबरी रस्त्यावर मात्र सराव नको, दोरीवरचं प्लास्टिकचं आवरण खरवडून निघतं.

१८७० साली नाग नदी अडवून बांधलेल्या अंबाझरीसारखी दगडी पाळ पाठीशी असेल, तर बाभळीपेक्षा वाईट प्रकार घडतो. मागची दोरी खाली आली की माशी दगडावर आपटते आणि आकडीचं टोक मोडतं. माशी जागेवर असते, पिसं शाबूत असतात, मासेही येऊन ओढून जातात, पण एकही अडकत नाही. माणूस मग हाताला, माशांना आणि नशिबाला दोष देत बसतो. दोनदा ओढ येऊन सुटली की टोक नखावर टेकवून पाहावं. नखावरून घसरलं तर माशी बदलावी. शिवाय पाळीवर चालणारे लोक असतात. दोरीच्या टप्प्यात कुणाचाही कान येणार असेल तर मागे फेकूच नये. तिथे रोल कास्ट उपयोगी पडतो: दोरी पाण्यावरून सावकाश ओढत काठी कानाजवळ आणायची, दोरीचा झोल खांद्यामागे लोंबू द्यायचा, क्षणभर थांबायचं आणि काठी पुढे झटकून थांबवायची. पल्ला २५-३० फूट मिळतो. तेवढ्यात काम भागतं, कारण आपला मासा काठालगतच असतो.

शहरातल्या तलावांवर मासेमारीचा ठेका बहुधा कुणाकडे तरी असतो. काठी उघडण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

आता माशाचं. हा खेळ वाढला ट्राउटसाठी, आणि ट्राउट नागपुरात नाही, होणारही नाही. त्याला दहा ते सोळा अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, विशीच्या वर तो अस्वस्थ होतो, पंचविशीच्या आसपास जिवावर बेततं. प्रश्न प्राणवायूचाही आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. मे महिन्यातल्या आपल्या तलावाबद्दल बोलायलाच नको. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ट्राउटची अंडी काश्मीरला नेऊन रुजवली, पुढे निलगिरीतही मासा वसवला. ज्याला ट्राउटच हवा त्याने तिकडे जावं. पण ट्राउट नाही म्हणून काठी माळ्यावर टाकणाऱ्यांची कीव येते. अमेरिकेत गावतळ्यावर शिकणारी पोरं ट्राउटवर नव्हे, ब्लूगिलसारख्या तळहाताएवढ्या माशांवर हात बसवतात. आपल्याकडे त्या जागी तिलापिया आहे.

तिलापिया मूळचा आफ्रिकेचा, भारतात १९५२ साली आणलेला, आणि आता हाकलून जात नाही असा. पाणी तापलं की नर उथळ गाळात ताटाएवढे वाटोळे खळगे करून त्यांवर पहारा देतो. मादी अंडी तोंडात धरून हिंडते आणि तोवर जवळजवळ उपाशी राहते. म्हणून खळग्यावर लागतो तो बहुतेक नर, आणि तोही भुकेने नव्हे, रागाने. रोहू-कटल्याच्या मागे माशी घेऊन लागू नये. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, त्याला तुमच्या पिसांशी देणंघेणं नाही.

माशी घरी बांधता येते. १० किंवा १२ नंबरची आकडी, २ मिमी जाडीचा काळा फोम, शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा आणि गळून पडलेल्या मोरपिसाचे तीन-चार केस. सुती दोरा कुजतो. फोमची पट्टी आकडीचं टोक आणि दांडी यांच्यातल्या अंतराएवढीच रुंद कापायची. रुंद झाली तर आकडीचं तोंड झाकलं जातं आणि मासा अडकत नाही. पट्टी मागच्या बाजूला बांधायची, मोरपिसाचे केस दोऱ्याला पीळ देऊन दांडीवर गुंडाळायचे (पीळ नसला तर दोन माशांत उसवतात), मग पट्टी वरून पुढे आणून बांधून टाकायची. आकडीच्या छिद्रापाशी २ मिमी जागा मोकळी ठेवायची, नाहीतर तंगूस ओवता ओवता संध्याकाळ होते. पाठीवर पिवळ्या फोमचा ठिपका चिकटवला की लांबून दिसतं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी उधईची पाखरं उडतात, तेव्हा तपकिरी फोम वापरावा. त्या संध्याकाळी कौशल्याची गरज पडत नाही.

दोरीपुढे नऊ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा तंगूस, आणि त्याच्या टोकाला ०.१८ मिमीचा टिपेट, म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक तुकडा. गाठीला पाच वेढे, आणि ओढण्याआधी थुंकी लावायची; कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तंगूस कमजोर होतो. माशी पडल्यावर पाण्यावरची वर्तुळं विरेपर्यंत हात हलवायचा नाही. मग वीतभर ओढायची, पुन्हा थांबायचं. काठीचं टोक पाण्याला टेकलेलं हवं. ते वर राहिलं तर दोरीत झोल पडतो आणि मासा माशी थुंकून गेल्यावर आपल्याला कळतं.

जलपर्णी माजलेल्या तळ्यावर पहाटे एक फसवणूक होते. सगळीकडे मासे तोंड वर काढताना दिसतात आणि एकही माशी घेत नाही. रात्रभर वनस्पतीही पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे उजाडताना तो सर्वांत कमी असतो. मासे श्वासासाठी धडपडत असतात, खायला आलेले नसतात. ऊन चढून तास-दीड तास झाल्यावर तेच मासे खाऊ लागतात. तोवर चहा घ्यावा.

मरळीची गोष्ट वेगळी. ती हवाच घेते, म्हणून मधूनमधून डुबकन वर येतेच. तिच्यासाठी मोठी, बेडकासारखी माशी, ०.४० मिमीचा तंगूस आणि ७-८ नंबरच्या दोरीची काठी लागते. तिलापियाच्या काठीवर ती सरळ जलपर्णीत घुसते आणि बाहेर येत नाही. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. झुबक्याजवळ माशी पडली की मरळ झडप घालते, आणि नेमकी म्हणूनच तिथे टाकू नये. पहारेकरी गेले की उरलेली पिल्लं तिलापियाच फस्त करतो.