बेरमच्या रानातले चॅपल

क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पातले बेरम हे पाझिन शहराजवळचे टेकडीवरचे छोटे गाव आहे. गावापासून सुमारे एक किलोमीटरवर, झाडीच्या कडेला, येशूची आई मारिया हिचे एक दगडी चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनामंदिर, उभे आहे. त्याचे स्थानिक नाव ‘स्वेता मारिया ना श्क्रिलिनाह’ असे असून ‘खडकाच्या पातळ फरश्यांवरची मारिया’ असा त्याचा अर्थ होतो. दारापुढे लाकडी छपराची पडवी आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हे एखादे साधे गावदेऊळ वाटावे इतके ते लहान आहे. दाराची किल्ली गावातल्या एका घरी असते. ती मागून घ्यावी लागते आणि ज्यांच्याकडे ती असते तेच येऊन दार उघडतात.

आत पाऊल टाकताच चारही भिंती चित्रांनी बोलू लागतात. एकूण शेचाळीस चौकटी आहेत. दक्षिणेकडच्या दारावरील लॅटिन लेखात हे काम बेरमच्या ग्रामसमुदायाने मारियेच्या बंधुमंडळाच्या (भाविकांच्या संघटनेच्या) खर्चाने करवून घेतले, कास्तावच्या विन्सेंट या चित्रकाराने ते रंगवले आणि नोव्हेंबर 1474 मध्ये पूर्ण केले, असे नोंदवले आहे. या लेखापुढे मी चित्रांइतकाच वेळ उभा राहिलो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव दाता म्हणून सांगतो आणि ते आपल्याला स्वाभाविक वाटते, कारण एवढे मोठे काम राजा, मंत्री किंवा श्रीमंत व्यापारीच करवतो अशी आपली धारणा असते. बेरमच्या भिंतीवर मात्र दाता म्हणून एक गाव उभे आहे. त्या काळी हा भाग ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्ग राजघराण्याच्या ताब्यात होता आणि किनारपट्टीचा मोठा भाग व्हेनिसकडे होता. पण दोन सत्तांच्या सीमेवरच्या या शेतकरी वस्तीने आपला पैसा आपल्याच भिंतीवर खर्च केला.

उत्तरेच्या भिंतीवर तीन राजांच्या आगमनाचे सुमारे आठ मीटर लांबीचे दृश्य आहे. ख्रिस्तजन्माच्या कथेतला हा प्रसंग विन्सेंटने पंधराव्या शतकातल्या उमरावांच्या मिरवणुकीसारखा रंगवला आहे. घोडे, नोकरचाकर, ऐटीतले कपडे, पाठीमागे डोंगर आणि झाडी यांमुळे बेथलेहेम इस्त्रियाच्याच एखाद्या वळणावर आल्यासारखे वाटते.

खरे मोल मात्र पश्चिमेच्या भिंतीवर, दाराच्या वरच्या बाजूला आहे. तेथे ‘मृत्यूचे नृत्य’ रंगवले आहे. सांगाडे वाद्ये वाजवत आहेत, आणि प्रत्येक सांगाड्याबरोबर पोप, कार्डिनल, बिशप, राजा, राणी, खानावळवाला, एक मूल, एक लंगडा भिकारी, चिलखतातला सरदार आणि व्यापारी असे एकेक माणूस चालले आहे. व्यापारी मृत्यूला आपल्या पैशांकडे बोट दाखवून सुटका मागतो आहे. सरदाराची तलवारही निरुपयोगी ठरली आहे. चॅपलमध्ये शिरताना हे चित्र पाठीमागे राहते आणि बाहेर पडताना समोर येते, त्यामुळे प्रार्थना आटोपून शेताकडे निघालेल्या माणसाला दरवेळी याच रांगेखालून जावे लागत असेल. माझ्या मते या रांगेतील सर्वांत जिवंत माणसे म्हणजे खानावळवाला आणि भिकारी, कारण ही दोघे बेरमच्या लोकांनी रोज पाहिलेली होती.

पुढे पश्चिम भिंतीत खिडक्या फोडल्या गेल्या आणि वरच्या भागातील आदम-हव्वा व नशिबाचे चाक ही दृश्ये त्यात बरीच नष्ट झाली. बाकीच्या चित्रांवर चुन्याचा गिलावा चढला आणि तो 1913 मध्ये काढला जाईपर्यंत ती झाकलेलीच राहिली. आज तिथे उभे राहिल्यावर या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच वेळी मनात येतो: ज्या चुन्याने चित्रे नजरेआड केली, त्यानेच ती धूर, ऊन आणि माणसांच्या हातांपासून राखली.

चित्रांवर ठिकठिकाणी बारीक ओरखडे आहेत. ते जवळून पाहिले तेव्हा कळले की ती ग्लागोलितिक लिपीतली अक्षरे आहेत. नवव्या शतकात घडलेली ही स्लाव भाषांची सर्वांत जुनी लिपी. इस्त्रिया आणि शेजारच्या क्वार्नर किनाऱ्यावर ती चर्चच्या कामकाजात अनेक शतके टिकून राहिली. बेरमच्या पाद्रींनी वापरलेल्या ग्लागोलितिक हस्तलिखितांपैकी काही आज ल्यूब्लियानाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. चित्रावर ओरखडणे ही नासधूस आहे यात शंका नाही, तरी त्या अक्षरांपुढे मला मोडीची आठवण झाली. आजोबांच्या कागदपत्रांतील ओळी मला आजही वाचता येत नाहीत, आणि बेरमच्या भिंतीवर कोरलेली ती अक्षरे आज त्या गावातल्या बहुतेकांना वाचता येत नसणार.

निघण्यापूर्वी मी पुन्हा दारावरच्या लेखाकडे गेलो आणि ‘बेरमचा समुदाय’ हे शब्द शोधून काढले. तोवर किल्लीवाल्या बाई पडवीत बाकावर बसून वाट पाहत होत्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी दार ओढून घेतले, कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकून त्या गावाच्या वाटेला लागल्या.