करंट सीटीसी किती? : पगार ठरवतानाचा माझा अनुभव

खेडा खरेदीचा व्यापारी दारात आला की काटा लावण्याआधी विचारतो, "भाऊ, मागच्या खेपेला काय भाव भेटला?" मोठ्या टेक कंपनीच्या एचआरचा पहिला फोनही तसाच असतो: "करंट सीटीसी किती?" सीटीसी म्हणजे कंपनी वर्षाला आपल्यावर करते तो एकूण खर्च. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे तिकडचीच कंपनी पुणे-हैदराबादच्या जागेसाठी बिनदिक्कत विचारते.

गावात घरून काम करताना दुपारी लाईन गेली की टॉवरही मान टाकतो. "आवाज तुटतोय, मेल करतो" असं मी खरोखरच सांगितलं आणि ते फायद्याचं ठरलं. फोनवर घाईत तोंडातून गेलेला आकडा परत घेता येत नाही.

मेल लिहिण्याआधी सीटीसी फोडून पाहावा. समजा आकडा 8 लाख आहे. बेसिक 40 टक्के, म्हणजे 3,20,000. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 38,400. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 15,392. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, 80,000. हे वजा जाता महिन्याला 55,517 उरतात. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ 3,200 आणि व्यवसाय कर 200 गेला की हाती 52,100 च्या आसपास, तेही आयकराआधी. ग्रॅच्युइटी तर साधारण पाच वर्षं टिकल्यावरच मिळायची! म्हणून फिक्स्ड, व्हेरिएबल आणि शेअर वेगवेगळे लिहावेत. एप्रिलची वाढ तोंडावर असेल तर तेही लिहावं. नाहीतर 30 टक्के वाढ जुन्याच आकड्यावर मोजतात.

आकडा फुगवू नये. पडताळणीत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात, आणि तिथे तफावत निघाली तर हातातली ऑफरही जाते. सांगायचं नसेल तर लेव्हल (पदाची पायरी) आणि बँड (त्या पायरीचा किमान-कमाल पगार) धरून सरळ लिहावं: "या लेव्हलचा बँड कळवा, माझी अपेक्षा इतकी आहे." पोर्टलवरचा रकाना भरल्याशिवाय पुढे जात नसेल तर खरा आकडा टाकून मोकळं व्हावं.

कारण खरी मेख लेव्हलमध्ये आहे. कापसाची प्रत ठरली की भाव एका पट्ट्यात अडकतो, तसंच हे. मुलाखतीवरून लेव्हल ठरते, लेव्हलवरून बँड, आणि जुना पगार फार तर त्या बँडमध्ये कुठून सुरुवात करायची एवढंच ठरवतो. खालची लेव्हल देऊन वर "तुम्हाला 40 टक्के वाढ मिळतेय की" असं ऐकवलं तर टक्का विसरावा, लेव्हलवर बोलावं. लेखी दुसरी ऑफर हाताशी असेल तर स्लिपेचं वजन आणखी घटतं.

बेसवर, म्हणजे फिक्स्ड पगारावर, ते अडून बसले की जॉइनिंग बोनस मागावा. तो एकदाच द्यायचा असल्याने लवकर सुटतो. मात्र बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करावा लागतो. जुन्या कंपनीत व्हेस्ट न झालेले, म्हणजे अजून आपल्या नावावर पक्के न झालेले शेअर सोडून येत असाल तर त्याचा हिशेब याच वेळी मांडावा, सही झाल्यावर कोणी ऐकत नाही. गावातूनच काम करायचं असेल तर ठिकाणावरून पगार कमी होणार का, हेही तेव्हाच लेखी विचारून घ्यावं. 90 दिवसांची नोटीस पूर्ण न करता निघालात तर त्याचे पैसे कोण भरणार तेही ऑफर लेटरमध्ये आलं पाहिजे, आणि ते हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नये.