तुम्ही विचारलंत म्हणून : हाच ड्रॅक्युला का?

घरी चार माणसं सिनेमा बघायला जमली आणि मी कपाटातून तीच डिस्क काढली की प्रश्न ठरलेला असतो. "अहो, ड्रॅक्युलाचे इतके चांगले सिनेमे असताना तुम्ही हा काय घेऊन बसता?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. 'ड्रॅक्युला ए.डी. १९७२' हा हॅमर या ब्रिटिश कंपनीचा सिनेमा त्यांच्या चाहत्यांतही थट्टेचाच विषय आहे. मी स्वतः वीसेक वर्षं त्याला मनसोक्त हसलोय.

पहिल्या काही मिनिटांबद्दल मात्र कुणाचीच तक्रार नसते. साल १८७२, लंडनचा हाइड पार्क. भरधाव घोडागाडीवर ड्रॅक्युला आणि त्याचा जन्माचा वैरी व्हॅन हेल्सिंग यांची झोंबाझोंबी चाललीय. गाडी आदळते, फुटते, आणि चाकाचे मोडके आरे ड्रॅक्युलाच्या छातीत घुसतात. तो संपला एवढं बघून व्हॅन हेल्सिंगही प्राण सोडतो. ड्रॅक्युलाचा एक चेला राख आणि अंगठी गोळा करतो आणि ती राख चर्चच्या आवारात पुरतो. मग कॅमेरा आभाळाकडे जातो, तर वरून जेट विमान चाललेलं! शंभर वर्षं झाली. इतक्या स्वस्तात इतका काळ ओलांडलेला मी क्वचितच पाहिलाय. (हॅमरच्याच १९५८ च्या पहिल्या ड्रॅक्युलात गोष्ट १८८५ मध्ये घडते. म्हणजे हा तेरा वर्षं आधीच मेला होता. कंपनीने हिशेब जुळवला नाही, आपणही तो मांडत बसू नये.)

घसरगुंडी सुरू होते ती त्यानंतर. चेल्सी, किंग्ज रोड, लांब केसांची टवाळ पोरं. एका बड्या घरच्या पार्टीत ही टोळी घुसते, स्टोनग्राउंड नावाचा अमेरिकन बँड गाणी म्हणत राहतो आणि आपण घड्याळ बघत राहतो. चित्रीकरण १९७१ चं, म्हणजे लंडनच्या ज्या धमाल दिवसांचं हे चित्र काढायचंय ते दिवस तोवर ओसरलेले. पोरांची भाषा तर अशी की आपल्याकडे पन्नाशीतला नाटककार कॉलेजकुमाराच्या तोंडी दर वाक्याला 'यार' घालतो, त्याची आठवण यावी. या टोळीचा म्होरक्या जॉनी अल्युकार्ड. तो त्या ओसाड चर्चमध्ये मनगट कापून राखेवर रक्त सोडतो आणि ड्रॅक्युला उठतो.

उठतो, आणि चर्चमध्येच थांबतो! ड्रॅक्युला १९७२ सालात आणायचा आणि त्याला १९७२ चं लंडन दाखवायचंच नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही. ख्रिस्तोफर ली हॅमरसाठी ही भूमिका सहाव्यांदा करत होता आणि या मालिकेच्या पटकथांवर तो उघडपणे नाराज होता. पडद्यावर तो येतो मोजकी मिनिटं. झगा सावरून उभा राहतो, डोळे लाल करतो, जातो.

आणि मग तो कागदाचा प्रसंग. पोलिस व्हॅन हेल्सिंगच्या वंशजाकडे येतात. हाही व्हॅन हेल्सिंगच, भुताखेतांच्या विद्येत आयुष्य घातलेला. जॉनीचं आडनाव कळल्यावर तो कागद-पेन घेऊन बसतो. एकीकडे 'अल्युकार्ड' (Alucard) हे इंग्रजी नाव, दुसरीकडे 'ड्रॅक्युला' (Dracula). मग या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत रेघ, पुढच्यापासून पुढची. आपल्याला नाव ऐकताक्षणी कळलेलं असतं की ते उलटं वाचायचंय. शिवाय ही युक्ती हॉलिवूडने १९४३ मध्येच वापरून टाकली होती. आमच्या घरी या प्रसंगाला हमखास हशा पिकतो. कुणीतरी म्हणतंच, "अहो आजोबा, उलटं वाचा की!"

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो १९८८ च्या सुट्टीत, मिरजेला. भाड्याचा व्हीसीआर आणायचा आणि पैसे वसूल व्हायला रात्रभर चार सिनेमे रेटायचे, असे ते दिवस. तीन हिंदी संपले तेव्हा अडीच वाजले होते. चौथी कॅसेट दुकानदाराने स्वतःच्या मनाने दिलेली, ती ही. धारपांच्या गोष्टी पांघरुणात वाचणारी आम्ही पोरं, त्यामुळे भीतीची तयारी होती. पण भीती कुठली! आम्ही त्या झग्याला हसत होतो, पार्टीतल्या नाचाला हसत होतो. आजीला झोप येत नव्हती म्हणून ती भिंतीला टेकून बसलेली. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं तिला. कागदावर रेघा ओढणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा धड जेवत नाही वाटतं."

आम्ही त्यालाही हसलो.

तो म्हातारा म्हणजे पीटर कुशिंग. मुळात पटकथेत त्या टोळीतली जेसिका ही त्याची मुलगी होती. पण जानेवारी १९७१ मध्ये कुशिंगची बायको हेलन गेली. त्या वेळी तो हॅमरच्याच दुसऱ्या एका सिनेमात होता. एक दिवसाचं काम झालं आणि त्याने तो सोडला. वर्ष संपता संपता तो ड्रॅक्युलाच्या सेटवर आला तेव्हा गालफडं इतकी आत गेली होती की मुलीची नात करावी लागली. वय ५८. मला तिथे पोचायला तीन-चार वर्षं आहेत, म्हणून हा आकडा मला आता फार जवळचा वाटतो.

हे मी कुठेतरी वाचलं आणि पुन्हा सिनेमा लावला. या वेळी फक्त त्याच्याकडे बघत होतो. एकदा तुम्हीही तसं बघा. बाकीचे नट वाक्यं बोलून उभे राहतात, हा सतत काहीतरी हाताळत असतो. १९५८ च्या पहिल्या सिनेमात शेवटी दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून तो क्रूस करतो, ती कल्पनाही त्याचीच होती. अमूर्त वाईटाशी लढायला त्याला हातात वस्तू लागते. त्या कागदाच्या प्रसंगातही पेन कसं फिरतं बघा. सरावाने, घाई न करता, बँकेचा जुना कारकून बेरीज पुन्हा तपासतो तसं. त्याला उत्तर आधीच ठाऊक आहे हे चेहऱ्यावर दिसतं. तरी तो शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ ओढतो. कारण शेवटची रेघ ओढली की नातीचा जीव धोक्यात आहे हे मान्य करावं लागणार.

मला आता त्या प्रसंगाला हसू येत नाही. बाकीच्यांना येतं, आणि त्यांना मी अडवत नाही.

या दृष्टीने पाहिलं की सिनेमातलं बरंच काही सरळ होतं. दिग्दर्शक ॲलन गिब्सनला पोरांचं जग जमलेलं नाही, पण म्हाताऱ्याचं धावणं त्याने छान टिपलंय. कुशिंग लंडनच्या रस्त्यांवरून धावतो, मध्येच थांबतो, दम घेतो. एव्हाना स्वतःच रक्तपिपासू व्हॅम्पायर झालेल्या जॉनीशी झटापट होते तीही वयाला शोभेल अशीच, आरशाने ऊन परतवून. जॉनी धडपडत न्हाणीघरात शिरतो आणि त्याच्याच हातून शॉवर सुटतो. वाहत्या पाण्याने व्हॅम्पायर मरतो हा जुना नियम शॉवरला लागू केलाय! इथेही हसा, हा विनोद खुद्द सिनेमाचाच आहे असं मला वाटतं.

शेवट चर्चच्या आवारात. ली आणि कुशिंग ड्रॅक्युला-व्हॅन हेल्सिंग म्हणून समोरासमोर आले ते १४ वर्षांनी. पहिल्या वेळी कुशिंगने टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढले होते, खोलीभर ऊन केलं होतं. आता तशी उडी नाही. त्याने आधीच येऊन खड्डा खणून ठेवलाय, त्यात टोकदार खुंट रोवलेत. ड्रॅक्युलाच्या तोंडावर पवित्र पाणी फेकतो, तो खड्ड्यात पडतो, पण पुरता मरत नाही. मग हा फावडं उचलतो आणि त्याला खाली दाबतो. एकदा, पुन्हा एकदा, सगळं अंग टाकून.

परवा भाचा आला होता, त्याने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, आधी बघ तर. फावड्याच्या प्रसंगापर्यंत तो मोबाइलमध्येच होता. मग मान वर करून म्हणाला, "मामा, हा किती बारीक आहे हो."