क्रॉसओव्हरची नोंद: पहिली तुकडी परत आली

क्रॉसओव्हर म्हणजे एका ग्रेडिंग संस्थेच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं (स्लॅब किंवा होल्डर) नाणं दुसऱ्या संस्थेकडे, तिच्या डबीत घालण्यासाठी पाठवणं. तशी पाठवलेली माझी तुकडी परत आली. चार नाण्यांपैकी दोन नव्या होल्डरमध्ये आली, दोन गेली तशीच जुन्या स्लॅबमध्ये परतली. निकाल खाली देतोच, पण आधी निवडीबद्दल लिहितो. कारण क्रॉसओव्हरमध्ये आपल्या हातात जे काही असतं ते पाकीट बंद करण्याआधीच असतं.

पाठवायचं कारण साधं होतं. पीसीजीएस ही नाण्यांचा दर्जा ठरवणारी संस्था; तिच्या रजिस्ट्री सेटमध्ये, म्हणजे संग्राहकांच्या संचांच्या नोंदवहीत, फक्त पीसीजीएसची नाणी चालतात, आणि माझी नाणी इकडची तिकडची, वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये. शिवाय काही जुन्या लेबलांवर नाण्याचा उपप्रकार लिहिलेलाच नव्हता, आणि मला तो लेबलवर हवाच होता.

आपण सगळे जी 1 ते 70 ची मोजपट्टी वापरतो ती विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडली. नाण्याचा दर्जा आणि बाजारातली किंमत यांचं नातं एका आकड्यात बसवायचं, हा त्यामागचा विचार. पुढे पीसीजीएस 1986 मध्ये आणि तिच्यासारखीच एनजीसी 1987 मध्ये सुरू झाली आणि तीच पट्टी जगभरच्या चांदी-सोन्या-तांब्याला लागली. पट्टी एक असली तरी पाहणारे डोळे वेगळे असतात. एकाच संस्थेचा हातही वर्षांगणिक कधी सैल, कधी आवळलेला असतो. म्हणून लेबलवरचा आकडा मी एका जाणकाराचं मत समजतो, आणि नाणं स्वतः पाहून माझं मत वहीत लिहितो. या वेळी लेबलवर कागदाची पट्टी चिकटवून प्रत्येक नाण्याला आधी माझा आकडा दिला, मगच पट्टी काढली. जिथे माझा आकडा लेबलइतका किंवा त्याहून वर आला तीच नाणी पुढे गेली. याला फक्त एक अपवाद केला, तो पुढे येईल.

सगळ्यात जास्त वेळ गेला व्हिक्टोरिया राणीच्या 1862 च्या रुपयावर. लेबल एमएस 62 (एमएस म्हणजे मिंट स्टेट, 60 पासून वरचं, न वापरलेलं नाणं). या रुपयावर 1862 हे साल गोठवलेलं आहे. नाणी 1874 पर्यंत पडत राहिली आणि साल तेच राहिलं. मागच्या बाजूला बारीक ठिपके देऊन टांकसाळीने फरक ठेवला, आणि या मालिकेचा अर्धा आनंद त्या ठिपक्यांत आहे. जुन्या लेबलवर नुसतं साल आणि ‘रुपया’, एवढंच.

प्रश्न होता राणीच्या कानावरच्या केसांचा. तिथे तपशील मवाळ आहे. हा भाग झिजला की मुळातच ठसा नीट उमटला नाही, यावर 58 आणि 62 मधला फरक ठरतो. दिवा एकच ठेवायचा, डोक्यावरचे बाकीचे बंद. स्लॅब तिरका धरून हळूहळू फिरवला की टांकसाळीची मूळ चमक चाकाच्या आऱ्यांसारखी नाण्यावरून फिरते. ती उंच भागावरून न तुटता गेली, तर धातू साच्याच्या तळापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणजे ठसा कमजोर. ती तिथे येऊन विझली आणि तेवढ्याच जागी रंग जरा करडा, मातकट दिसला, तर ती घासण. मग ते नाणं खिशात फिरलेलं असो की नुसतं लाकडी खणात सरकलेलं असो. माझ्या रुपयावर चमक केसांवरून सलग जाते. मी स्वतः त्याला 62 दिला, आणि टोनिंग (काळाने चढलेली रंगछटा) इतकं समतोल आहे की 63 म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही.

दुसरं नाणं पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया. राजाच्या झग्यावरच्या हारातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912 पासून तो हत्ती सुधारून कोरला गेला. लेबल एमएस 63. माझ्या भिंगाला राजाच्या चेहऱ्यासमोरच्या फील्डमध्ये, म्हणजे चित्र-अक्षरं नसलेल्या मोकळ्या सपाट भागात, अगदी बारीक, एकाच दिशेच्या रेषा दिसल्या. एक अडचण अशी की स्लॅबच्या प्लास्टिकवरचे चरेही तसेच दिसतात. त्यावर उपाय आहे: स्लॅब जागीच ठेवून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. प्लास्टिकवरचा चरा नाण्याच्या पृष्ठभागावरून सरकताना दिसतो, नाण्यावरचा चरा चित्राला चिकटून राहतो. माझ्या काही रेषा सरकल्या, काही सरकल्या नाहीत. माझा आकडा 62 आला. मी सांगितलेला अपवाद तो हाच. या नाण्याबद्दल मला दुसरं मत खरोखर हवं होतं, म्हणून ते तुकडीत राहू दिलं.

तिसरा, अमेरिकेचा 1877-एस ट्रेड डॉलर. आशियातल्या व्यापारासाठी पाडलेलं हे नाणं: मागे 420 ग्रेन, 900 फाइन असं वजन आणि कस चक्क कोरलेलं. चीनमधले व्यापारी आणि सराफ चांदी खरी असल्याची खूण म्हणून त्यावर आपला छोटा शिक्का ठोकत, तो चॉपमार्क. माझ्या नाण्यावर असे दोन आहेत, स्वच्छ, खोल आणि फील्डमध्ये छान बसलेले. जुन्या होल्डरमध्ये ते ‘नुकसान’ धरून डिटेल्स, म्हणजे अंकाऐवजी दोषाचा शेरा, मिळालं होतं. पीसीजीएस मात्र चॉपमार्कवाल्या ट्रेड डॉलरला सरळ अंक देते आणि लेबलवर चॉपमार्क असं नोंदवते. मला ही भूमिका पूर्ण पटते. ते नाणं ज्या कामासाठी जन्मलं त्या कामाचाच तो पुरावा आहे.

चौथा, 1881-एस मॉर्गन डॉलर, आरशासारख्या फील्डचा. लेबलवर डीपीएल (डीप प्रूफलाइक, म्हणजे खोल आरशासारखं). पीसीजीएसकडे हाच शेरा डीएमपीएल असा लिहितात. इथे अंकासोबत शेराही टिकावा लागतो, आणि मुद्दा नेमका तिथेच आला.

पाव आण्याचं एक सुरेख लाल नाणं मी मुद्दाम मागे ठेवलं. तांबं आणि कांसं स्लॅबमध्येही गप्प बसत नाही. कित्येक वर्षांपूर्वी आरडी (लाल) लिहिलेलं नाणं आज आरबीकडे (लाल-तपकिरी) सरकलेलं असू शकतं. माझ्या नाण्याच्या कडेला तपकिरी झाक आली आहे. जुन्या लेबलवर आरडी आहे, ते तसंच असू दे.

फॉर्ममध्ये एकच रकाना महत्त्वाचा: किमान ग्रेड. तुम्ही आकडा लिहिता. नाणं त्याला उतरलं तर संस्था जुना स्लॅब फोडून नव्यात घालते, नाही तर जुना स्लॅब तसाच परत येतो. शुल्क दोन्ही बाबतीत जातं. ‘कोणतीही ग्रेड चालेल’ असं लिहिता येतं, पण ते मी फक्त ट्रेड डॉलरला लिहिलं, कारण डिटेल्सपासून कुठलाही सरळ अंक मला वरच नेणार होता. बाकी तिघांना लेबलवरचाच अंक, आणि मॉर्गनला शेऱ्यासकट. 1862 च्या रुपयासाठी उपप्रकार नोंदवायची वेगळी विनंती जोडली. प्रत्येक स्लॅबचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि सर्टिफिकेट नंबर ठेवले आहेत. नंबर संस्थेच्या साइटवर टाकून चित्राशी ताडून पाहिले. खोटे स्लॅब फिरतात, आणि नंबर खरा पण आतलं नाणं दुसरं असंही असू शकतं.

निकाल. 1862 चा रुपया 62 वर उतरला, उपप्रकारासह. ट्रेड डॉलरला एयू 53 (एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं), चॉपमार्क. हा माझ्या वहीतल्या 50 पेक्षा वर आहे. ईगलच्या पंखांवर चमक उरली आहे, ती मी बहुधा कमी धरली. आता मोठ्या प्रकाशात पुन्हा पाहिल्यावर 53 योग्य वाटतो.

1911 उतरला नाही. आश्चर्य वाटलं नाही, उलट वहीतल्या 62 ला आधार मिळाला. मॉर्गनही उतरला नाही, आणि तिथे कारण बहुधा अंक नसून आरशाची खोली असावी: मागच्या बाजूला पुष्पचक्राच्या खाली प्रतिबिंब जरा पुसट होतं. दोन्ही बाजूंना खोल आरसा हवा असतो.

आता प्रश्न 1911 चा स्लॅब फोडायचा का. कच्चं, म्हणजे स्लॅबबाहेरचं नाणं पाठवलं की ग्रेडरला कडा, रिम, फील्ड सगळं उघडं दिसतं, जुना अंक डोळ्यासमोर नसतो. काही नाण्यांना याचा फायदा होतो. या नाण्याला होणार नाही, कारण त्याच्या रेषा प्लास्टिक काढल्यावर जास्त स्पष्ट होतील, आणि फोडल्यावर 63 चा जुना आधारही जाईल. डिटेल्सचा धोका खरा आहे. म्हणून ते फुटणार नाही.

फोडण्याबद्दल एक विनंती सगळ्यांनाच. नाणं क्रॅक केलंत तर जुनं लेबल त्या संस्थेला परत पाठवा. लेबल खणात राहिलं की पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली, त्या यादीत) तेच नाणं दोनदा, कधी तीनदा मोजलं जातं, आणि दुर्मीळ नाणं कागदावर साधं होऊन बसतं. पुढच्या संग्राहकाला आपण खोटी माहिती देतो आहोत, हे मला फार लागतं.

पुढची तुकडी छोटी असेल. 1862 च्याच आणखी दोन ठिपकेवाल्या रुपयांवर पट्टी चिकटवली आहे. एकावर मागच्या बाजूला हिरवट चिकट थर दिसतो, मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून आलेला असावा. तो स्लॅबमधून साफ होत नाही, आणि त्यावर क्रॉसओव्हरची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तो रुपया आधी कॉन्झर्व्हेशनला, म्हणजे जाणकारांकडून इजा न करता साफ करून घ्यायला जाईल, दुसरा क्रॉसओव्हरला.