अथेन्सच्या खापऱ्या आणि सोडत

अथेन्सला जाणारे बहुतेक प्रवासी टेकडीवरचे पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर पाहून परततात. मी मात्र टेकडीखालच्या अगोरा या प्राचीन बाजारचौकात अधिक रमलो, कारण लोकशाहीचा कारभार प्रत्यक्ष कसा चालत असे, हे तेथील संग्रहालयात अगदी जवळून पाहता येते.

एका कपाटात फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या मांडल्या आहेत. त्यांवर नावे कोरलेली आहेत. आधी व्यक्तीचे, मग वडिलांचे, थेट आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी. बालमित्रांनो, एखादा पुढारी डोईजड होतो आहे असे वाटले, तर नागरिक त्याचे नाव खापरीवर लिहून देत आणि पुरेशी मते पडल्यास त्याला दहा वर्षे शहराबाहेर राहावे लागे. मालमत्ता मात्र त्याचीच राही. इ.स.पू. ४८० मध्ये सालामिसच्या लढाईत इराणी आरमाराचा पराभव घडवून आणणारा थेमिस्टोक्लीसही यातून सुटला नाही. पुढे एका विहिरीत त्याच्या नावाच्या १९० खापऱ्या सापडल्या आणि त्यांवरील अक्षर मोजक्याच हातांचे निघाले. मते वाटण्यासाठी कोणीतरी त्या आधीच लिहून ठेवल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. मतदानाइतकाच त्यातला डावही जुना आहे!

पलीकडे खाचांच्या रांगा असलेली संगमरवरी शिळा आहे. न्यायसभेसाठी आलेल्या नागरिकांच्या नावाच्या पट्ट्या या खाचांत बसवीत. नंतर नळीतून पांढरी गोटी पडली की ती रांग निवडली जाई, काळी पडली की घरी जाई. इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने नागरिकांचे दहा गट पाडून ५०० जणांचे मंडळ उभारले, त्याचे सदस्यही पुढे सोडतीनेच ठरू लागले. निवडणुकीत श्रीमंत आणि नामवंतच पुढे येतात, सोडतीत मात्र कुंभारालाही संधी मिळते, हा विचार मला आजही बिनतोड वाटतो. सेनापती मात्र ते मतदानानेच निवडीत. तेथे सोडतीवर भरवसा ठेवण्याची त्यांचीही छाती नव्हती.

सायंकाळी मी प्निक्स टेकडी चढलो. खडकात कोरलेल्या चौथऱ्यावरून वक्ता बोले आणि समोर हजारो नागरिक हात उंचावून कायदे ठरवीत. त्या गर्दीत स्त्रिया, गुलाम आणि परगावाहून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना स्थान नव्हते. ग्रीसमधील स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा हक्क १९५२ साली मिळाला. भारतातील स्त्रियांनी तोवर १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केलेही होते.