नामचे बाजारात बुटांची शोधाशोध

नेपाळमधलं फाकडिंग गाव सोडून दीडेक तास झाला असेल. दूधकोसी नदीच्या काठाने मजेत चाललो होतो. मागून येणारी आमच्या गटातली कोल्हापूरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचा बूट बोलायला लागलाय." खाली बघतो तर उजव्या बुटाने पुढून आ वासलेला. सोल लोंबत होता आणि त्याच्या वरचा फोमचा थर बोटाने दाबला की शिळ्या ढोकळ्यासारखा भुगा होत होता. डावा अजून शाबूत दिसत होता. तोही पुढच्या पुलापर्यंतच टिकला.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा हा आमचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी पहाटे काठमांडूहून मंथळीला गाडीने, तिथून लुकलाला विमानाने आणि मग पायी, इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. बूट चांगल्या कंपनीचे, २०१५ साली घेतलेले, चार हिमालयी ट्रेक झालेले. नंतर करोना आला, मग गुडघा दुखला, आणि बूट डोंबिवलीत माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पडले. निघताना काढून पुसले तेव्हा नव्यासारखे दिसत होते. घोळ तिथेच झाला. बहुतेक ट्रेकिंग बुटांमधला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतला दमटपणा त्याला आतून तोडत जातो. वापरात असलेला बूट जास्त वर्षं टिकतो, पिशवीत कोंडलेला लवकर जातो. बाहेरून काही कळत नाही. पहिल्या खऱ्या चढाला एकदम कळतं.

त्यामुळे ग्लू लावून उपयोग नसतो. गटातल्या दोघांनी खिशातून ट्यूबा काढल्या, मीही मोठ्या आशेने लावून घेतलं. पण ग्लू ज्याला धरणार तो फोमच भुगा होतोय म्हटल्यावर वीस पावलांत सोल पुन्हा मोकळा. डक्ट टेप गुंडाळली ती दगडांवर घासून तासाभरात फाटली. शेवटी आमच्या गाइडदाईने (दाई म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ) तंबूची बारीक दोरी काढली आणि तीन ठिकाणी आवळून बांधली: पुढे चवड्यावर, मधल्या बाकावर आणि टाचेपुढच्या खाचेतून. दोरी सोलच्या नक्षीतल्या फटींत बसवली की घासत नाही, हे त्याच्याकडून शिकलो. चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि दहा-बारा केबल टाय प्रत्येकाने बरोबर ठेवावेत, वजन काहीच नाही.

मोंजोच्या अलीकडे एका दुकानात दाईने मला गोल्डस्टारचे कापडी बूट घ्यायला लावले. हा नेपाळी ब्रँड तिथे कोणाच्याही पायात दिसतो. डोक्याच्या नाम्लोवर (कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर) डोको म्हणजे पाठीवरची टोपली तोलत चाललेल्या हमालांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत. यादवीच्या काळात माओवादी हेच बूट घालायचे, म्हणून पायात गोल्डस्टार दिसले की संशय यायचा, असं दाई सांगत होता. हिलरी पुलापासून नामचेपर्यंतचा सहाशे मीटरचा चढ मी त्यात चढलो. पाय छान हलके वाटले. पण वर थंडीत आणि मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, सुट्या दगडांवर ते चालणार नाहीत, हे मलाही समजत होतं.

नामचे ३,४४० मीटरवर आहे, घोड्याच्या नालेसारख्या खोलगट उतारावर वसलेलं. इथवर गाडीरस्ता नाही. जे काही विकायला असतं ते हेलिकॉप्टरने, खेचरांवर, झोप्क्यांवर (याक आणि गाय यांचा संकर) नाहीतर माणसाच्या पाठीवर आलेलं असतं. म्हणून भाव काठमांडूपेक्षा चढे, आणि त्यात गैर काही नाही. उलट एवढ्या उंचीवर बूट, काठ्या, डाऊन जॅकेट, गॅसचे डबे, औषधांचं दुकान, एटीएम आणि बेकरी हे सगळं एका गावात मिळतं याचंच नवल वाटावं. शनिवारी आठवड्याचा बाजारही भरतो, पण तो धान्य-भाजी-कपड्यांचा. बुटांसाठी त्याची वाट बघू नका.

पहिल्या दुकानात युरोपियन ४४ च्या खाली काहीच नव्हतं. दुसऱ्यात नामांकित ब्रँडच्या नकला होत्या, काठमांडूतल्या थामेल बाजारात मिळतात तशा. नकलेचं जॅकेट मी डोळे झाकून घेईन, बूट घेणार नाही. तिसरं दुकान एका शेर्पा दिदीचं. तिने माझे जुने बूट हातात घेतले, अंगठ्याने फोम दाबला आणि हसून हिंदीत म्हणाली, "घर में रखा था ना?" म्हणजे असे गिऱ्हाईक तिला नवे नव्हते.

माप युरोपियन आकड्यांतच सांगावं लागतं. भारतातला ८ नंबर म्हणजे साधारण ४२. मी ४३ घेतले, कारण जाड मोजे असतात, दिवसभर चालून पाय सुजतात आणि उतरताना बोटं पुढे आदळतात. आधी बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर पाय ठेवून बघायचा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. मग बूट घालून दुकानाबाहेरच्या पायऱ्या चार वेळा उतरायच्या. नामचेत सपाट जागा तशीही नाहीच. दिदीने १६,००० सांगितले, १३,५०० नेपाळी रुपयांना जमलं. भारतीय एक रुपयाला नेपाळी १.६० हा दर बांधलेला आहे, म्हणजे आपले ८,४०० च्या आसपास. जास्त ओढून धरलं नाही. गरज कोणाला आहे हे दोघांनाही दिसत होतं.

पैसे रोख दिले. काठमांडूत क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चाललं होतं, त्या भरवशावर मी नोटा कमीच काढल्या होत्या. नामचेत त्या संध्याकाळी नेटवर्कच नव्हतं. एटीएमपुढे रांग, आणि माझा नंबर येईपर्यंत मशीनने मान टाकली. मित्राकडून उसने घेतले. तुम्ही काठमांडूतूनच वीस-पंचवीस हजार नेपाळी रुपये जास्तीचे घेऊन निघा, उरले तर परत बदलता येतात.

बूट मिळालेच नसते तर? दाईच्या ओळखीने काठमांडूहून मागवता आले असते. सकाळच्या विमानाने लुकला, तिथून कोणाबरोबर तरी वर. पण लुकलाचं विमान ढगांच्या मर्जीवर चालतं, त्यामुळे त्याला दोन दिवसही लागतील किंवा पाचही.

नवे बूट म्हणजे फोड आलेच. माझं नशीब की नामचेत उंची अंगवळणी पाडण्यासाठी एक दिवस थांबायचंच असतं. त्या दिवशी नवे बूट घालून स्यांगबोचेला चढून आलो, गोल्डस्टार पाठीवर. टाचांना फोड यायच्या आधीच मायक्रोपोर पट्टी लावली होती. संध्याकाळी कुठे घासतंय ते कळलं, तिथे दुसऱ्या दिवसापासून दुहेरी पट्टी. बेस कॅम्पला पोचलो, थंडीने दात वाजले, फोटो काढले. त्याची वर्णनं पुष्कळ आहेत, मी भर घालत नाही.

एक मात्र सांगतो. नामचेच्या पुढे लॉजमध्ये चॉकलेट, टॉयलेट पेपर, टोप्या, हातमोजे मिळत राहतात. आपल्या मापाचं काही मिळेल हा भरवसा धरू नका. तेंगबोचेकडे निघण्याआधी नामचेत बॅग पलंगावर उलटी करून सगळं तपासा: काठीचे स्क्रू, हेडलॅम्पच्या बॅटऱ्या, जॅकेटची चेन. नंबरचा चष्मा आणि रोजच्या गोळ्या मात्र नामचेच्याही भरवशावर नकोत. चष्मा दोन, गोळ्या दहा दिवस जास्तीच्या, त्याही अर्ध्या हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून गोळीचं ब्रँडचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

आणि बूट. निघण्याच्या महिनाभर आधी पाठीवर वजन घेऊन कळसूबाई करा, नाहीतर दोनदा सिंहगड. मधल्या थरात नख रुतवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा निघाला तर घरीच निरोप द्या.

परत आल्यावर बायकोचे बूट माळ्यावरून काढले. माझ्याच बरोबर घेतलेले, जेमतेम तीन ट्रेक झालेले. ती म्हणाली, "माझ्यांना काही झालेलं नाही, उगाच हात लावू नका." अंगठा टेकवला, तो अर्धा आत गेला.