सोफा धुण्याची नोंद: चौथा महिना, तिसरं हँड टूल

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की पावसाळा संपेपर्यंत नवा सोफा हातात घेणार नाही. तो शब्द पाळता आला नाही. जुलैत भाचीकडे सोफ्यावर दुधाचा पेला सांडला, आणि पुण्याच्या त्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी आंबूस वास यायला लागला. सोफा धुण्याचं मशीन घेऊन जावंच लागलं. वास गेला, पण बैठकीच्या गाद्या वाळायला पूर्ण दोन दिवस लागले. पंखा सतत सुरू, गाद्या उभ्या करून ठेवलेल्या, तरी फोम आतून ओलाच.

आधी मला दोष साबणाचा वाटला. दोनदा द्रावण बदललं, पाणी कोमट केलं, काही फरक नाही. मग एका रविवारी सगळं बाजूला ठेवून फक्त हँड टूलकडे, म्हणजे होजच्या टोकाला हातात धरायच्या भागाकडे बघितलं. तेव्हा माझ्याकडे १५ सेंटिमीटर रुंद तोंडाचं, उघड्या फवाऱ्याचं, म्हणजे पाणी सरळ कापडावर मारणारं, प्लॅस्टिकचं टूल होतं. रुंद तोंड म्हणजे काम लवकर, या हिशेबाने घेतलेलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मशीनमध्ये पंप असतो, तो पाणी ढकलतो, आणि व्हॅक्यूम असतो, तो ते परत ओढतो. कापडाला प्रत्यक्ष लागतं ते फक्त हँड टूल. किती पाणी आत जाणार आणि त्यातलं किती परत येणार, हे दोन्ही तिथे ठरतं.

मी मोजायचं ठरवलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता, त्याला आमच्याच बैठकीची एक गादी टांगली. कोरडं वजन घेतलं. मग प्रत्येक पट्ट्यावर दोनदा फवारून ओढणं आणि दोनदा कोरडं ओढणं, असं अख्ख्या बाजूवर करून पुन्हा वजन. जुन्या टूलने गादी ३४० ग्रॅमने जड झाली. ती पूर्ण वाळू दिली आणि दुसऱ्या खेपेला टूल तेच ठेवून फक्त जेट, म्हणजे पाणी फवारणारी तोटी, बदलून लहान बसवला. १९० ग्रॅम. तिसऱ्या खेपेला तोच जेट, पण १० सेंटिमीटर तोंडाचं टूल. ११० ग्रॅम. अरुंद तोंडामुळे पट्टे जास्त पडले, म्हणजे एकूण पाणीही जास्त फवारलं गेलं, तरी मागे उरलं ते कमी.

जेटचा आकडा वाचायला शिका, हे मी प्रत्येकाला सांगते. पितळी जेटवर बारीक अक्षरांत ८००१ किंवा ८००२ असं कोरलेलं असतं. पहिले दोन अंक फवाऱ्याचा कोन सांगतात, ८० अंश. पुढचे दोन अंक प्रवाह सांगतात: ०१ म्हणजे ४० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाला मिनिटाला ०.१ अमेरिकन गॅलन, साधारण ३८० मिलिलिटर. ०२ म्हणजे त्याच्या दुप्पट. माझ्या पहिल्या टूलमध्ये ८००२ होता, आणि विकणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दाब चौपट केला की प्रवाह दुप्पट होतो, म्हणून पंप हळू करून थोडं पाणी वाचतं, पण लहान जेट बसवणं जास्त खात्रीचं. कोनाचाही उपयोग आहे. ८० अंशांचा फवारा ६ सेंटिमीटरवरून सुमारे १० सेंटिमीटर पसरतो. तोंडाच्या रुंदीच्या मानाने जेट कापडापासून जास्त दूर बसवलेला असेल तर फवारा तोंडाच्या बाहेर जातो, आणि ते पाणी ओढायला तिथे कोणी नसतं. माझ्या गादीच्या कडा का ओल्या राहायच्या, ते तेव्हा कळलं.

आता तोंडाची रुंदी. १० सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर फटीचं तोंड म्हणजे ३ चौरस सेंटिमीटर. १५ सेंटिमीटरचं म्हणजे साडेचार. आपल्यासारख्यांच्या घरगुती मोटरची ओढ ठरलेली. ती जितक्या मोठ्या फटीवर वाटली जाईल तितकी हवा सावकाश धावते, आणि कापडातलं पाणी उचलते ती वेगाने धावणारी हवाच. शिवाय सोफा जमिनीसारखा सपाट नसतो. गादीच्या फुगवट्यावर रुंद तोंडाची दोन्ही टोकं अधांतरी राहतात आणि सगळी ओढ तिथून निसटते.

ओढीचा विषय निघालाच आहे तर ह्युबर्ट सेसिल बूथची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०१ साली लंडनमध्ये व्हॅक्यूम क्लीनरचं पेटंट घेणारा इंजिनिअर. धूळ फुंकण्यापेक्षा ओढून काढता येईल का, हे पाहण्यासाठी त्याने व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमधल्या मऊ खुर्चीच्या पाठीला तोंड लावून श्वास ओढला आणि धुळीने त्याचा जीव गुदमरला. आपल्या छंदाची सुरुवात अशी एका खुर्चीच्या पाठीपासून झाली, याचा मला फार आनंद वाटतो.

दुकानात टूल हातात आलं की मी आता काय बघते? सगळ्यात आधी ओठ, म्हणजे कापडावर घासणारी कड. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकला बहुधा एक बारीक शिवण राहते, आणि शेनीलसारख्या मऊ, लवदार कापडाची लव नेमकी तिच्यात अडकते. मी पर्समध्ये जुनी शिफॉनची ओढणी नेते आणि ओठावरून हलकेच ओढते. धागा अडकला तर टूल परत. मग खिडकी. पारदर्शक तोंडातून वर जाणारं पाणी दिसलंच पाहिजे, कारण ते स्वच्छ झालं की थांबायचं आणि थेंब दिसेनासे झाले की पुढच्या पट्ट्याकडे जायचं. खिडकी नसली तर अंदाजाने पाणी मारत राहणं होतं. ट्रिगर सोडल्यावर जेटमधून थेंब गळतो का, हेही तिथेच पाण्याला जोडून बघू द्या म्हणावं. गळका व्हॉल्व्ह मखमलीवर गोल डाग उठवतो. आणि वजन रिकाम्या टूलचं बघू नका, होज जोडून दोन मिनिटं हात खांद्याच्या उंचीला धरा. सोफ्याची पाठ धुताना तेच करायचं असतं.

होज जोडताना मात्र माझं अडलं. टूलचं बूड ३८ मिलिमीटरचं, माझा होज ३५ चा. बोहरी आळीत अर्धा दिवस घालवला, तीन दुकानांतून रिड्यूसर (दोन वेगळ्या मापांचे पाइप जोडणारे तुकडे) आणले, एकही घट्ट बसला नाही. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून क्लिप आवळली. हवा अजिबात गळत नाही, तीन महिने तसंच चाललंय.

तिसरं टूल गणपतीनंतर घेतलं, बंद फवाऱ्याचं. यात पाणी कापडावर सरळ मारलं जात नाही. ते तोंडाच्या आतच पातळ पडद्यासारखं उतरतं, कापडाला लागतं आणि तिथल्या तिथे ओढलं जातं. हे घेण्याचं कारण दुखरं आहे. शेजारच्या काकूंची तागाची उशी मी उघड्या फवाऱ्याने धुतली, आणि वाळल्यावर तिच्यावर तपकिरी ढग उमटले. ताग, सुती, लिनन असं कापड जास्त भिजलं की धाग्यातलाच तपकिरी अंश पाण्याबरोबर वर येतो आणि पाणी उडून गेलं की पृष्ठभागावर उरतो. लिंबूसताचं अगदी सौम्य द्रावण हलकं फवारून, पांढऱ्या टॉवेलने टिपून, लगेच पंख्याखाली वाळवल्यावर ते बरेच फिके झाले. पूर्ण गेले नाहीत. काकू म्हणाल्या, “अगं, राहू दे, उलटी बाजू वर ठेवते.” पण ती उशी मला अजून खटकते. आता वनस्पतिजन्य धागा असला की बंद टूलच. सोफ्याच्या हातांवरचा तेलकट काळपट थर मात्र त्याने सुटत नाही. पॉलिएस्टर असेल तर तिथे उघडं टूल आणि त्याआधी ब्रश.

धागा कुठला ते कळायला शिवणीच्या आतून दोन तंतू काढून चिमट्याने जाळून बघते. सुती कागदासारखं जळतं, लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ब्रशही असाच पारखला. मला घोड्याच्या केसांचा हवा होता, कारण नायलॉनचे ताठ केस मखमलीची लव मोडतात. बुटाला पॉलिश करायचा नवाकोरा ब्रश घेतला, एक केस जाळला, वास आला, ब्रश पक्का.

हाताची सवय बदलायला सगळ्यात वेळ लागला. ट्रिगर टूल आपल्याकडे ओढतानाच दाबायचा आणि पट्टा संपायच्या चार बोटं आधी सोडायचा, म्हणजे शेवटच्या टोकाचं पाणी त्याच ओढीत उचललं जातं. मग त्याच पट्ट्यावर दोनदा कोरडं. पहिले दोन महिने माझं बोट शेवटपर्यंत दाबलेलंच राहायचं.

आत्याचा मखमली सोफा अजून बाकी आहे. सागवानी लाकूड, गर्द हिरवी मखमल, बटणं खोल शिवलेली. ऑक्टोबरचं ऊन पडलं की घेणार आहे. मागच्या पायाजवळ, भिंतीकडच्या बाजूला, ओलं पांढरं मांजरपाट दहा मिनिटं दाबून ठेवलं होतं. कापडावर हिरवट छटा आली. म्हणजे रंग सुटतोय, आणि माझ्या तिन्ही टूलपैकी एकही तिथे चालवायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. सध्या फक्त कोरडा व्हॅक्यूम आणि घोड्याच्या केसांचा ब्रश, लवेच्या दिशेने. बटणांच्या खळग्यांतून पहिल्याच दिवशी चमचाभर धूळ, दोन टाचण्या आणि एक जुनं पाच पैशाचं नाणं निघालं. नाणं आत्याने धुऊन देवघरात ठेवलंय.